बीजगणिताच्या उंबरठ्यावरचे पुस्तक

अंकगणित संपत आले आहे आणि बीजगणित अद्याप सुरू झालेले नाही, असा एक काळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणात येऊन जातो. आपल्याकडील शाळांतून या काळाला स्वतंत्र नाव नाही. सहावी-सातवीच्या वर्गात अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी ही प्रकरणे चाललेली असतात आणि एके दिवशी आकड्यांच्या जोडीला अक्षरे येऊन बसतात. अमेरिकेत मात्र या टप्प्याला एका विषयाचा दर्जा मिळाला आहे. तेथे बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम परंपरेने नववीत शिकविला जात असे. पुढे अनेक शाळांनी तो आठवीत आणला, आणि त्याच्या आधीच्या वर्षी ‘प्री-अल्जिब्रा’, म्हणजे बीजगणितपूर्व गणित, या नावाचा वर्षभराचा अभ्यासक्रम रूढ झाला. त्यासाठी स्वतंत्र पाठ्यपुस्तके लिहिली गेली आणि आज त्यांची संख्या एवढी आहे, की निवड करणाऱ्याची मती गुंग व्हावी.

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही निवड शाळा करते. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती आईवडिलांवर येते. मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच मूळ धरून आहे. १९९३ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत ती कायदेशीर झाली होती. १९९९ मध्ये घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या सुमारे साडेआठ लाख असल्याचा सरकारी अंदाज होता, तर २०१२ मध्ये हाच अंदाज अठरा लाखांच्या जवळ पोहोचला. या कुटुंबांना वाचन, इतिहास, निसर्ग हे विषय शिकविणे फारसे जड जात नाही. गणितही अंकगणितापर्यंत निभावते. बहुतेकांचे पाऊल अडखळते ते याच उंबरठ्यावर. याचे एक कारण असे, की आईवडिलांनी स्वतः बीजगणित शिकून वीस वर्षे झालेली असतात आणि त्यातील जे स्मरणात राहिले आहे ते नियमांच्या रूपात राहिले आहे, कारणांच्या रूपात नाही.

या लेखात विचार करावयाचा आहे तो अशा कुटुंबांचा, आणि त्यातही ज्यांचे मूल गणितात चलाख आहे व ज्यांना त्याच्यासाठी कस लावणारे पुस्तक हवे आहे अशांचा.

अंकगणित आणि बीजगणित यांमधील अंतर किती, हा प्रश्न प्रथम पाहिला पाहिजे. वरवर पाहता ते थोडे वाटते. पाचाच्या जागी ‘क्ष’ आला, एवढेच. परंतु अंकगणितात मूल जी चिन्हे सहा वर्षे वापरत आलेले असते, त्यांचा अर्थच येथे बदलतो. सर्वांत मोठा बदल ‘बरोबर’ या चिन्हाचा. ८ + ४ = □ + ५ या मांडणीत चौकटीत कोणती संख्या येईल, असा प्रश्न अमेरिकेतील प्राथमिक शाळांतील मुलांना विचारून पाहण्यात आला, तेव्हा सहावीपर्यंतच्या बहुसंख्य मुलांनी १२ किंवा १७ असे उत्तर दिले. बारा लिहिणारे मूल ‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असा घेते. सतरा लिहिणारे मूल दिसेल त्या सगळ्या संख्यांची बेरीज करून मोकळे होते. योग्य उत्तर ७ आहे आणि ते सुचण्यासाठी हे चिन्ह म्हणजे दोन समान पारड्यांमधला काटा आहे हे उमगलेले असावे लागते. ज्या मुलाला हे उमगलेले नाही, ते समीकरणे सोडवील ती केवळ पाठ केलेल्या हालचालींनी: ‘अधिक पलीकडे गेले की उणे होते’ या मंत्राने. मंत्र काही काळ चालतो.

अक्षरांचेही तसेच. एका विद्यापीठात प्रत्येक प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत; विद्यार्थ्यांची संख्या ‘व’ आणि प्राध्यापकांची ‘प’ मानून हे समीकरणाने लिहा, असा प्रश्न अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घातला गेला असता त्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणांचे उत्तर चुकले. चुकणाऱ्यांनी प्रामुख्याने ६व = प असे लिहिले. त्यांच्या मनात ‘व’ ही संख्या नव्हती, ‘विद्यार्थी’ या शब्दाचे ते लघुरूप होते. हे तरुण बीजगणिताच्या अनेक परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेले होते. म्हणजे हा दोष बाराव्या वर्षी शिरला तर तो गुणपत्रिकांच्या आड कित्येक वर्षे सुखाने राहू शकतो. उंबरठ्यावरच्या पुस्तकाची निवड महत्त्वाची ठरते ती यामुळे.

येथे एक घरगुती अनुभव सांगतो. माझी धाकटी बहीण अमेरिकेत ओहायो राज्यातील एका लहान गावी राहते आणि तिने आपल्या मुलीला काही वर्षे घरीच शिकविले. मुलगी हुशार. अकराव्या वर्षापर्यंत तिने अंकगणिताच्या सरावपुस्तिकांचा फडशा पाडला होता. तीन वर्षांचा अभ्यास तिने दोन वर्षांत संपविला होता, आणि तिचे उत्तर सहसा चुकत नसे. बहिणीने स्वाभाविकपणे सर्वांत कठीण म्हणून नावाजलेले एक पुस्तक आणले. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष पुस्तकाचा नव्हता. पहिल्या आठवड्यात मुलगी गप्प झाली. तिसऱ्या आठवड्यात बहिणीचा दूरध्वनी आला, “दादा, ती वही लपवू लागली आहे. उत्तरांच्या पुस्तकातून उत्तरे उतरवून घेते आणि मला विचारते, मी ढ आहे का?”

मी तिला वर सांगितलेला चौकटीचा प्रश्न मुलीला घालून पाहण्यास सांगितले. मुलीने क्षणाचाही विलंब न लावता बारा लिहिले. नंतर मी पावाने एक ओळीचा प्रश्न सांगितला: तीन चतुर्थांश भागिले दोन पंचमांश किती? तिने अपूर्णांक उलटा करून गुणले आणि पंधरा अष्टमांश हे अचूक उत्तर दिले. उलटा का केला, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मामा, तसेच करायचे असते.” ही मुलगी मंद मुळीच नव्हती. तिला एकाही उदाहरणात थांबून विचार करण्याची पाळी आलेली नव्हती, एवढेच. आणि नवे पुस्तक तर पहिल्या पानापासून थांबावयास सांगत होते. ज्या मुलाचे उत्तर कधी चुकले नाही, त्याला पहिली चूक ही गणिताची चूक वाटत नाही. आपल्या हुशारीचा निकाल लागल्यासारखे वाटते. बहिणीने ते पुस्तक फडताळात ठेवले. ते पुन्हा कधी बाहेर आले, ते पुढे सांगेन.

उलट प्रकारचा धोकाही तितकाच खरा आहे, पण तो दिसत नाही म्हणून त्याची तक्रार कोणी करीत नाही. सोपे पुस्तक घेतलेल्या घरात कोणी रडत नाही. रोज वीस उदाहरणे होतात, वीसही बरोबर येतात, सर्वजण समाधानी असतात. मूल मात्र त्या वर्षात नवीन असे काहीच शिकलेले नसते. आणि बीजगणितात वर्गसमीकरणांपाशी किंवा त्याही पुढे ते कोसळते, तेव्हा त्याचे कारण तीन वर्षांमागे शोधावे हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

जुन्यांची वाट

बीजगणितापूर्वी काय शिकवावे, हा प्रश्न अमेरिकन शाळांनी प्रथम उपस्थित केला असे समजण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला, त्यात ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे वेगवेगळे भाग आहेत. ‘लीलावती’ अव्यक्त राशीला नाव न देता व्यवहारातील गणिते सोडवावयास शिकविते, तर ‘बीजगणित’ अव्यक्ताला नाव देऊन. (चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून असे दिसते, की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या आरंभी तेथे मठ स्थापिला. हे ग्रंथ क्रमवार शिकण्यासाठी होते याची ही एक साक्षच म्हणावी लागेल.) ‘लीलावती’तील दोन रीती या उंबरठ्यावर आजही उपयोगी आहेत.

पहिली उलट मार्गाने जाण्याची. एका संख्येला ३ ने गुणले, त्यात ६ मिळविले, आलेल्या संख्येला ४ ने भागले आणि ५ वजा केले, तेव्हा १० उरले; तर मूळ संख्या कोणती? मुलाने शेवटाकडून चालू लागावे: १० मध्ये ५ मिळवून १५, चारपट करून ६०, ६ काढून ५४, तीनने भागून १८. यात ‘क्ष’ कोठेही नाही, पण समीकरण सोडविण्याची संपूर्ण क्रिया आहे. आणि प्रत्येक क्रियेची प्रतिक्रिया कोणती, त्या कोणत्या क्रमाने उलगडावयाच्या, हे मूल हाताने अनुभवते.

दुसरी रीत इष्टकर्माची, म्हणजे मनाला येईल ती संख्या धरून पाहण्याची. एका राशीत तिचाच तिसरा भाग व चौथा भाग मिळविला असता ७६ होतात. राशी १२ धरा. १२, ४ आणि ३ मिळून १९ झाले. हवे होते ७६, म्हणजे चौपट. तेव्हा राशीही चौपट, ४८. मुलांना ही रीत फार आवडते. ती आवडली की लगेच दुसरे उदाहरण द्यावे: एका संख्येच्या दुपटीत ५ मिळविले असता २५ होतात. येथे ५ धरले तर १५ येतात. त्याच रीतीने गेल्यास संख्या आठ पूर्णांक एक तृतीयांश निघते, आणि पडताळा पाहिला तर २५ येत नाहीत. खरे उत्तर १० आहे. रीत येथे का फसली? कारण दुपटीबरोबर ते सुटे पाचही वाढतील असे आपण गृहीत धरले. ज्या दिवशी मूल हे स्वतःच्या शब्दांत सांगते, त्या दिवशी त्याला बीजगणिताची गरज वाटू लागलेली असते. जे पुस्तक ही गरज निर्माण न करता पहिल्याच पानावर ‘क्ष’ देते, ते तहान लागण्यापूर्वी पाणी पाजण्याचा उद्योग करते.

माझ्या बहिणीने चार महिने मुलीकडून असेच काहीबाही करून घेतले. सोबतीला सिंगापूरच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांतील शाब्दिक उदाहरणे होती. ही पुस्तकमाला सिंगापूरमध्ये १९८२ पासून निघू लागली. तिचे वैशिष्ट्य असे, की अज्ञात राशी लांबट पट्ट्यांच्या आकृतीने दाखविली जाते. रामजवळ शामच्या तिप्पट गोट्या, दोघांच्या मिळून ६०. तर एक पट्टी शामची, तशाच तीन रामच्या, चार पट्ट्यांत ६०, एका पट्टीत १५. पट्टी हीच येथे ‘क्ष’चे काम करते, पण ती दिसते आणि तिची लांबी ही एक संख्या आहे याविषयी मुलाच्या मनात गोंधळ राहत नाही.

पुस्तक उघडल्यावर काय पाहावे

पुस्तक चांगले की वाईट हे प्रस्तावनेवरून कळत नाही. प्रत्येक प्रस्तावना आकलनाची ग्वाही देते. माझ्या मते दोन-तीन ठिकाणी पुस्तक उघडून पाहिले की पुरते.

प्रथम ऋण संख्यांचे प्रकरण काढावे आणि ऋण गुणिले ऋण धन का होते हे लेखकाने कसे सांगितले आहे ते वाचावे. काही पुस्तके नियम चौकटीत छापून पुढे जातात. काही ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ अशा म्हणींचा आधार घेतात. त्या लक्षात राहतात, पण त्या पटल्या तर दोन ऋण संख्यांची बेरीजही धन का होऊ नये असे मूल विचारील, आणि त्याला उत्तर नाही. काही पुस्तके आकृतिबंध दाखवितात: (−२) ला ३, २, १, ० ने गुणल्यास −६, −४, −२, ० येतात, उत्तर दर वेळी दोनाने वाढते, तेव्हा पुढे −१ ने गुणल्यास २ यावेत. हे चांगले आहे. उत्तम पुस्तक याच्याही पुढे जाते. कोणत्याही संख्येला शून्याने गुणले की शून्य येते; म्हणून (−१) × ० = ०. पण शून्य म्हणजे १ + (−१). तेव्हा (−१) × [१ + (−१)] = ०. कंस सोडविला की (−१) × १ + (−१) × (−१) = ०, म्हणजेच −१ + (−१) × (−१) = ०. ज्या संख्येत −१ मिळविल्यावर शून्य येते ती संख्या १ शिवाय दुसरी असू शकत नाही. येथे कोणी नियम लादलेला नाही. कंस सोडविण्याचा जो वितरणाचा गुणधर्म मूल धन संख्यांसाठी वापरत आले आहे, तो ऋण संख्यांनाही लागू राहावा एवढीच इच्छा धरली, आणि बाकीचे आपोआप आले. बारा वर्षांच्या मुलाला हे समजते. पहिल्या वाचनात समजेलच असे नाही; दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात समजते, आणि ते समजल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

त्यानंतर शेकडेवारीचे प्रकरण काढावे आणि तेथील उदाहरणे एकामागून एक वाचावीत, सोडवू नयेत. शंभर रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढविली आणि मग २० टक्क्यांनी उतरविली, तर आता किंमत किती, हा प्रश्न बहुतेक पुस्तकांत असतो. उत्तर ९६. सामान्य पुस्तक येथून दहा निरनिराळ्या वस्तूंकडे वळते आणि तेच दहा वेळा करावयास लावते. कस लावणारे पुस्तक त्याच वस्तूपाशी थांबते. आधी उतरविली आणि मग वाढविली तर? पुन्हा ९६च. का? कारण दोन्ही वेळा शंभराला १.२ आणि ०.८ यांनी गुणले आहे, आणि गुणाकारात क्रम बदलला तरी चालतो. दहा टक्क्यांची चढउतार केली तर तोटा किती? एक रुपया. वीस टक्क्यांची केली तर चार, तीसची केली तर नऊ. येथपर्यंत आलेले मूल चाळीस टक्क्यांचे उत्तर न मोजताच सांगते, आणि मग अस्वस्थ होते: वर्ग येथे कोठून आले? याचे उत्तर पुढील वर्षाच्या बीजगणितात आहे. ते या पुस्तकाने दिले नाही तरी चालेल, पण प्रश्न मुलाच्या मनात सोडून दिला पाहिजे.

कठीण पुस्तक म्हणजे मोठमोठ्या आकड्यांचे पुस्तक, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. सात अंकी संख्येला चार अंकी संख्येने भागण्यात कष्ट आहेत, काठिण्य नाही. तसेच पुढच्या वर्षाचे प्रकरण या वर्षी घुसडल्यानेही पुस्तक कस लावणारे होत नाही. काठिण्य प्रश्नाच्या खोलीत असते.

तिसरी गोष्ट उत्तरांची. शाळेच्या पुस्तकाला शेवटी उत्तरे असली की भागते, कारण वर्गात शिक्षक असतो. घरी शिकणाऱ्या मुलाच्या पुस्तकाला प्रत्येक उदाहरणाची संपूर्ण उकल असलेला जोडग्रंथ हवा. तो मुलासाठी नव्हे, आईसाठी. मुलाचे उत्तर पुस्तकातील उत्तराशी जुळले नाही, तर चूक कोठे आहे हे तिला पाहता आले पाहिजे. आणि जुळले तरी मुलाची रीत निराळी असू शकते, ती चालेल की नाही हे ठरविता आले पाहिजे. हे नसेल तर ‘पुस्तकात असे दिले आहे’ एवढेच म्हणण्याची पाळी येते. गणितात त्याहून लाजिरवाणे वाक्य नाही.

काही पुस्तके

अमेरिकेतील घरगुती शाळांत जी पुस्तके विशेष प्रचारात आहेत, त्यांपैकी थोड्यांविषयी येथे लिहितो. जॉन सॅक्सन हे वायुदलातून निवृत्त झाल्यावर गणिताचे शिक्षक झालेले गृहस्थ. त्यांच्या ‘अल्जिब्रा हाफ’, म्हणजे शब्दशः ‘अर्धे बीजगणित’, या पुस्तकाची रीत अशी, की नवी गोष्ट दररोज चिमूटभर द्यावयाची आणि उदाहरणसंग्रहात मात्र मागील सर्व पाठांचा सराव सतत करून घ्यावयाचा. विसराळू मुलासाठी, किंवा ज्या घरात आईला तीन मुलांना एकदम शिकवायचे आहे तेथे, या पुस्तकाची शिस्त मोलाची आहे. परंतु विषयाचे इतके बारीक तुकडे केल्याने एखादी कल्पना मुळापासून शेंड्यापर्यंत सलग दिसत नाही. ज्याला कस हवा आहे त्या मुलासाठी मी ते सुचविणार नाही.

मेरी डॉल्सियानी (१९२३–१९८५) यांची पुस्तके वेगळ्या घडणीची. १९६० च्या सुमारास अमेरिकेत ‘नवे गणित’ या नावाने जी सुधारणा झाली, तिच्यात त्यांचा सहभाग होता. संख्यांचे गुणधर्म नावानिशी सांगावयाचे आणि प्रत्येक पायरीला कारण द्यावयाचे, हा संस्कार त्यांच्या पुस्तकांवर दिसतो. उदाहरणे सोप्याकडून कठिणाकडे अ, ब, क अशा तीन गटांत असतात. त्यांच्या नावावर ‘प्री-अल्जिब्रा : अ‍ॅन अ‍ॅक्सिलरेटेड कोर्स’ हे पुस्तक आहे, त्याच्या जुन्या प्रती वापरणारी कुटुंबे अद्याप आहेत. पुस्तक कोरडे आहे, पण प्रामाणिक आहे. केवळ क गट करून घेतला तरी हुशार मुलाचे वर्ष वाया जाणार नाही.

रिचर्ड रुसिक, डेव्हिड पॅट्रिक आणि रवी बोप्पना यांचे ‘प्री-अल्जिब्रा’ २०११ मध्ये ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ या संस्थेने प्रकाशित केले. याची मांडणी नेहमीच्या उलट आहे. पाठाच्या आरंभी स्पष्टीकरण नसते, प्रश्न असतात. मुलाने ते आधी स्वतः सोडवून पाहावेत, निदान त्यांच्याशी झटापट करावी, आणि मगच पुढे छापलेली उकल वाचावी, अशी अपेक्षा आहे. पहिले प्रकरणच बेरीज-गुणाकाराच्या गुणधर्मांवर असून ऋण संख्यांविषयीचे नियम त्यांतून निघताना दाखविले आहेत. संख्याशास्त्र, मोजणीच्या युक्त्या, भूमिती यांनाही जागा आहे. कस लावणारे पुस्तक म्हणून त्याचे नाव घेतले जाते ते योग्यच आहे. मात्र जे मूल वाचण्याचा कंटाळा करते किंवा ज्याचे अपूर्णांक कच्चे आहेत, त्याच्या हाती ते देऊ नये.

इझराइल गेल्फांड (१९१३–२००९) हे विसाव्या शतकातील थोर गणिती. सोव्हिएत संघात दूरच्या गावांतील मुलांसाठी १९६४ मध्ये त्यांनी पत्राद्वारे शिकविणारी गणितशाळा सुरू केली. अलेक्झांडर शेन यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘अल्जिब्रा’ हे लहानसे पुस्तक १९९३ मध्ये इंग्रजीत निघाले. त्याचा आरंभ बेरजेत पदांची अदलाबदल करता येते या गोष्टीपासून होतो, आणि थोड्याच पानांत वाचक फार उंचावर जातो. उदाहरणे मोजकी, एकेका उदाहरणाला एक दिवस द्यावा अशी. मुख्य पुस्तक म्हणून ते बारा वर्षांच्या मुलाला झेपणार नाही, पण आईने किंवा बाबांनी स्वतःसाठी ते जरूर आणावे.

आपल्याकडील वाचनालयांत याकोव्ह पेरेलमन यांचे ‘अल्जिब्रा कॅन बी फन’ अजूनही सापडते. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाच्या स्वस्त आवृत्त्यांनी ते घरोघर नेले होते. ते पाठ्यपुस्तक नव्हे, पण रविवारी दुपारी वाचावयास त्यासारखे दुसरे नाही. हॉल आणि नाइट यांचे १८८५ चे शालेय बीजगणित मात्र घरात आजोबांची प्रत आहे म्हणून मुलाला देऊ नये. नियम, नमुना आणि मग सरावाचा डोंगर, ही त्याची रीत; ज्याला बीजगणित येते त्याचा हात त्याने बसतो, ज्याला येत नाही त्याची समजूत त्याने पडत नाही.

घरी शिकणारी मुले आपल्या देशातही आहेत. त्यांपैकी अनेकजण पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेला बसतात. ही संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली. अशा घरांना परदेशी पुस्तकाची किंमत परवडेलच असे नाही, आणि त्याची तशी आवश्यकताही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नव्या ‘गणित प्रकाश’ या मालेतील सातवीच्या पुस्तकात (२०२५) अक्षरे येण्यापूर्वी केवळ आकड्यांच्या राशी वाचण्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे, ही योजना मला फार योग्य वाटते. ते पुस्तक पायाला घ्यावे आणि कठीण उदाहरणांसाठी दुसरे एखादे जोडीला ठेवावे.

घरातील वापर

लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाचे बीजगणितावरील पुस्तक जर्मन भाषेत १७७० मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती आणि त्याने ते एका तरुण नोकराला तोंडी सांगून लिहवून घेतले. हा नोकर पूर्वी शिंप्याकडे उमेदवारी केलेला, गणिताचा गंध नसलेला. असे सांगतात, की पुस्तक लिहून होईपर्यंत त्याला बीजगणित येऊ लागले होते. या कथेत ऑयलरच्या लेखनाची थोरवी आहे हे खरे, पण आणखी एक गोष्ट आहे: लेखनिक लेखणीच्या गतीने वाचतो. आंधळ्या माणसाच्या तोंडून एकेक वाक्य उतरवून घेताना कोणाला पान उलटून पुढे पळता येत नाही.

घरी कस लावणारे पुस्तक वापरताना गती अशीच ठेवावी लागते. दिवसाकाठी पाऊण तास पुष्कळ झाला. त्यात चार उदाहरणे झाली तरी चालतील, एक झाले तरी चालेल. न सुटलेले उदाहरण वहीच्या मागील पानावर उतरवून ठेवावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे; उकल लगेच उघडू नये. आईला उत्तर येत नसेल तर तिने तसे सांगावे आणि शेजारी बसून आपणही प्रयत्न करावा. दहांपैकी सहा-सात उदाहरणे मुलाला स्वतः सुटत असतील तर पुस्तक योग्य आहे. दहाही सुटत असतील तर ते सोपे आहे, आणि तीनच सुटत असतील तर ते काही महिने दूर ठेवावे. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे.

बहिणीने फडताळातले पुस्तक पाचव्या महिन्यात पुन्हा काढले. तत्पूर्वी तिने मुलीला एक उदाहरण दिले होते, ते येथे देतो. कोणतीही दोन अंकी संख्या घ्या, तिचे अंक उलटे करा आणि मोठीतून लहान वजा करा. ७३ मधून ३७ गेले, ३६ उरले. ५२ मधून २५ गेले, २७ उरले. बाकीला नेहमी ९ ने भाग जातो. मुलीने वीसेक संख्या घेऊन पाहिल्या. आईने विचारले, “सगळ्या संख्यांना लागू आहे हे तुला कसे कळले?” दोन दिवसांनी मुलीने दहा ‘अ’ अधिक ‘ब’ असे लिहिले, त्यातून दहा ‘ब’ अधिक ‘अ’ वजा केले, आणि ९ × (अ − ब) पाशी येऊन थांबली. अक्षर वापरण्यास तिला कोणी सांगितले नव्हते. वीस संख्या पुरत नाहीत म्हणून तिने ते वापरले. मग तिने आपण होऊन तीन अंकी संख्या घेतल्या. तेथे ९९ × (अ − क) आले, आणि मधला अंक नाहीसा झाला. त्या रात्री मला तिचा दूरध्वनी आला. तिला एवढेच विचारायचे होते, की चार अंकी संख्येत मधले दोन अंक असतात, तेही असेच जातील का, आणि मी उत्तर देऊ लागताच ती म्हणाली, “थांब मामा, सांगू नकोस.”